पाया खणताना

ग्रीसमधल्या कालामाता शहरात एव्हान्थियाच्या नव्या घराचा पाया आज खणायला घेतला होता. तिच्या जिवाची नुसती घालमेल चाललेली, म्हणून मैत्रीण कालिरोई तिला ओढून अपोलोच्या देवळाचे अवशेष बघायला घेऊन आली.

"अगं, तो फोन ठेव ना! हे खांब बघ, दोन हजार वर्षं मातीखाली होते."

"म्हणूनच तर बघवत नाहीत मला!"

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आलाच. "कोरीव संगमरवर लागलाय गं. पुरातत्त्ववाल्यांनी काम बंद पाडलं."

ती मटकन देवळाच्याच एका दगडावर बसली. म्हातारा रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. कालिरोईने त्याला सगळं सांगितलं, तशी त्याने शिट्टी खिशात घातली.

 

"बसा, बाई, बसा. इथे माझ्याही घराचं स्वयंपाकघर व्हायचं होतं."