खिंडीपलीकडचं हळकुंड

मुक्कामाच्या घरातल्या म्हातारीने, जिला सगळं गाव आबी म्हणायचं, पेटीतून एक पुरचुंडी काढून कुमुदच्या हातावर ठेवली. चुलीजवळ बसून कुमुदने गाठ सोडली. आत एकच हळकुंड होतं, जुनं होऊन दगडासारखं झालेलं.

कुमुदला हसू आलं. सांगलीच्या हळदीच्या वखारीत तिचा जन्म गेला होता. आता वखार विकायची असं ठरवून, जिथे हळदीचं नावही निघणार नाही अशा जागी, लडाखच्या या शेवटच्या गावात ती आली होती.

"आबीच्या आजोबांच्या वेळी हे दक्षिणेकडून तट्टांवर लादून यायचं," वाटाड्या रिगझिन म्हाताऱ्या आबीचं बोलणं समजावून सांगू लागला. "पुढे सरहद्द बंद झाली, पलीकडे जाणारे तांडे थांबले. घरात कुणाला लागलं-खुपलं की हेच जरासं उगाळतात."

आबी पुढे सरकली. कुमुदचा तळहात तिने नाकाशी नेला आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांच्या प्रवासात, इतक्या पाण्यांनी धुऊनही न गेलेला वास तिला सापडला होता. बाहेर उतारावर घंटा किणकिणल्या. याक असतील, कुमुदला मात्र ओझ्याने वाकलेली तट्टं दिसली, एकामागून एक खिंड उतरणारी.

आबी काहीतरी पुटपुटली. रिगझिन संकोचला.

"ती म्हणते, या खेपेला फार उशीर केलात."

कुमुदने हळकुंड जपून पुन्हा बांधलं.

"वाटेत बर्फ फार होता, आबी," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला लवकर आणते."