सहाव्या कपाची शपथ

या, जवळ सरून बसा, भिंगारच्या आसारामाची गोष्ट सांगतो. दारू पोटात गेली की हा भला माणूस कुणी काही मागो, "घे" म्हणून मोकळा व्हायचा. एकदा तर दुभती शेळी ढोलकीवाल्याला देऊन बसला. शेवटी कीर्तनात बुवांच्या हातून त्यानं तुळशीची माळ घालून घेतली, दारू सोडली आणि तिच्या जागी चहा धरला.

लढाईचे दिवस, साखर रेशनवर. लेकीच्या डोहाळजेवणासाठी त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं चिमूट चिमूट करून डबाभर साखर साठवलेली. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आसाराम इब्राहिमभाईच्या हॉटेलात सहा कप कडक चहा घेऊनच कीर्तनाला बसला.

बुवांनी विचारलं, "प्रसादाच्या शिऱ्याला साखर कोण..."

प्रश्न पुरा व्हायच्या आत आसाराम उभा! "माझ्या घरची घ्या! सगळा डबाच आणतो!"

बुवा चपापले. "आसाराम, माळ हाय ना रे गळ्यात?"

"हाय की महाराज! थेंबाला शिवलो न्हाई. निस्ता चहा प्यालोय."

तशी बायकांतून रंगुबाई ताडकन उठली. "महाराज, हे तारेत हायेत तवरच ह्यांच्याकडनं चहाचीबी शपथ घ्या!"

"घेतली!" आसाराम गरजला.



डबा देवाला गेला. पण पुढच्या महिन्याची साखर चहात गेली नाही, अन् लेकीचं डोहाळजेवण गोड झालं. तेव्हा मंडळी, पुढचा कप तोंडाला लावण्याआधी रंगुबाईला तेवढं आठवा. माझा चौथा आहे, मीही आठवतो.