लग्नातलं माप

बायडाला गळ्यातली काळ्या मण्यांची पोत आवळू लागली, तेव्हा दागिने ओवणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, आकाराम पटवेकऱ्यानं, हसत दोर वाढवून दिला. "माझ्या घरात भरलीस की अंगानं!" दिवाळीनंतर पुन्हा वाढवला. मग ताप आला, मानेत गाठी दिसल्या. गंडमाळ समजून डागण्या दिल्या, तरी त्या फुगतच गेल्या. दरबारच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पोत काढा. गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो." "धनी जित्ता असताना गळा मोकळा करू व्हय?" बायडानं पोत मुठीत धरली. आकारामनं तिची बोटं सोडवली, दोर दातानं तोडला. जखम भरल्यावर डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "गाठींचा कर्करोग आहे. औषध नाही." आकाराम बायडाजवळ बसून मणी ओवू लागला. "लांब ओवा," ती म्हणाली. त्यानं लग्नातल्या मापाचीच ओवली, जणू गाठी आल्याच नव्हत्या. टोकं मानेमागं जुळेनात, तरी तो ओढत राहिला. दुखत होतं, तरी तिनं मान पुढं वाकवून दिली.