होडी बाहेर असताना

“वादळातून होडी परत आली. होडीतली माणसं आता कशी आहेत?” मिस्टर लम्लीने वहीतून वाचलं आणि तो पेन्सिल सरसावून बसला.

“भुकेली,” डायना थीकर म्हणाली.

लम्लीने ते लिहिलं नाही. शहरातल्या विद्यापीठातून आलेला हा पोरगेला मास्तर गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करत फिरत होता, आणि सकाळपासून डायनाच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून होता. शब्द आपण सुचवायचा नाही, समोरच्याच्या तोंडून निघू द्यायचा, असा त्याच्या वहीचा नियम. बादलीपासून बेडकापर्यंत डायनाने त्याला हसतहसत तीनशे शब्द दिले होते. या एका प्रश्नावर मात्र गाडी अडली होती.

“बरं, असं बघा. धोका टळलाय. जिवाला काही झालेलं नाही. म्हणजे ती माणसं...?”

“ओली. दमलेली. आल्याआल्या बायकोवर खेकसणारी. लिही की!”

त्याला कोणता शब्द हवाय हे डायनाला चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या नवऱ्याची, रूबेनची होडी बाहेर होती. यॉर्कशायरच्या त्या किनाऱ्यावर होडी बाहेर असताना अपशकुन नको म्हणून कोणी डुकराचं नाव काढत नाही, आणि हा शब्द तर डुकराहून वाईट. समुद्राच्या कानावर गेला तर तो मुद्दाम खोटा पाडतो. त्यात दुपारी धुकं उतरलेलं. पाच होड्या चाचपडत धक्क्याला लागल्या होत्या. सहावी रूबेनची, आणि म्हातारा तिच्यात एकटाच. धक्क्यावरून कोणीतरी थोड्या थोड्या वेळाने भोंगा वाजवत होतं. डायना सुरीने शिंपले उघडत होती, आतलं मांस उद्याच्या गळांना लावत होती. हात कामात होते, कान खिडकीपाशी.

लम्लीची बस चारला होती. त्याचा धीर सुटला.

“अहो, साधा शब्द आहे. सेफ! सेफ म्हणता की नाही तुम्ही?”

डायनाची सुरी थांबली.

“लोखंड!” ती ओरडली. “लोखंडाला हात लाव, तरच उतरेल तो अपशकुन! ऊठ, ती चुलीजवळची सळई धर. गार टोकाला, गाढवा, गार टोकाला! आणि मी सांगेपर्यंत सोडायची नाही.”

लम्लीने निमूटपणे निखारे सारायची सळई धरली. एका हातात सळई, मांडीवर वही, असा तो स्टुलावर बसून राहिला.

“माफ करा, मिसेस थीकर. मला ठाऊक नव्हतं.”

भोंगा वाजला. डायनाने कान देऊन ऐकलं. समुद्रावरून उत्तर आलं नाही. ती घाबरली होती, आणि कालच्या या पोराला ते दिसतंय याचा तिला जास्त राग येत होता.

“एवढा शिकलायस,” ती शेवटी म्हणाली, “तर सांग, आला कुठून तो शब्द? आमच्या माणसांनी केलेला नसणार.”

“नाही. तो... तो शब्द फ्रेंचांकडून आला. त्यांच्याकडे लॅटिनमधून.” लम्ली आता जपून बोलत होता. “मुळात अर्थ एवढाच, की अख्खा. न मोडलेला, धडधाकट. धोका उरला नाही, हा अर्थ मागाहून चिकटला.”

“अख्खा,” डायना म्हणाली. “माझा भाऊ सायलस अख्खाच आला होता. तीन दिवसांनी, पलीकडच्या खाडीत. अंगावर ओरखडा नव्हता.”

लम्लीची पेन्सिल वहीवरून उचलली गेली.

“आणि तो दुसरा अर्थ कोणी चिकटवला?”

“सांगता येत नाही. लोकांनीच.”

“मग ते किनाऱ्यावरचे नव्हते.”

पुन्हा भोंगा वाजला. आणि त्याच्या पाठोपाठ, लांबून, धुक्यातून, डब्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दोनदा. मग पुन्हा दोनदा. धक्क्यावर माणसं हाका मारू लागली.

डायना उठली नाही. धक्क्याकडे धावत जाणं म्हणजे आपल्याला शंका होती हे गावासमोर कबूल करणं. तिने पुढचा गळ घेतला आणि तो सरळ अंगठ्यात टोचून घेतला. अंगठा तोंडात धरून ती पावलं ऐकत राहिली. पावलं ओळखीची होती, डावा पाय किंचित ओढणारी. तिच्या जिवात जीव आला.

दार उघडलं. टोपीपासून बुटांपर्यंत निथळत रूबेन आत आला.

“काय धुकं, काय धुकं! स्वतःचं नाक दिसेना. आणि हा कोण, माझी सळई घेऊन बसलेला?”

“पाय पूस,” डायना म्हणाली. “फरशी आत्ताच घासलीय. कुठे गोते खात होतास इतका वेळ, म्हाताऱ्या? तीनदा चहा गरम केला मी. तीनदा! आता उकळून काढा झालाय त्याचा, तोच पी. आणि टोपी तिथे नको ठेवूस. किती वेळा सांगायचं?”

“तिथे नाही ठेवली,” रूबेन म्हणाला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.

“मग काढ ती!”

तो खुर्चीत बसला. डायना त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, एक बूट दोन्ही हातांनी ओढू लागली आणि ओढतानाही तिचं तोंड चालूच होतं. इतकं छान तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

लम्लीने सळई हळूच जागेवर ठेवली आणि वही पुढे केली.

“मिसेस थीकर, आता तरी म्हणाल का? एकदाच. तुमच्याकडे कसा उच्चारतात, तेवढंच हवंय.”

बूट सुटला. तो हातात तसाच धरून डायनाने मान वळवली. तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

“आता?” ती म्हणाली. “आता कशाला लागतोय शब्द, पोरा? माणूस समोर बसलाय की.”