वारा सरेना

केनवडच्या उकंडरावांचा मुतखडा वाशीमच्या दवाखान्यात निघाला खरा, पण पाठीतून नळी घालताना मोठ्या आतड्याला बारीक छिद्र पडलं. डॉक्टरांनी लपवलं नाही. म्हणाले, "औषधानं भरून येईल. तोवर तोंडात काही घालायचं नाही. वारा सरला की समजायचं, आतडं कामाला लागलं. संध्याकाळपर्यंत सरला नाही, तर पोट उघडून पाहावं लागेल."

तेव्हापासून सून रत्नमाला खाटेजवळून हलली नाही. "मामाजी, सरला का जी?" असं घडीघडी विचारी. उकंडराव भिंतीकडे तोंड फिरवत. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कपाळावर घाम आला, पण वारा काही सरेना.

भागिरथाबाई नवऱ्याचं तोंड निरखत होती. शेवटी ती त्याच्या कानाशी वाकली.

"खरं सांगा, वारा येऊन नाही राह्यला, का तुमीच दाबून राह्यले?"

"सूनबाईसमोर कसा सोडू वं?" उकंडराव कण्हले.

"पोट फाडून घ्याले तयार, पन लाज नाही सोडवत!" म्हणत तिनं सुनेला चहा आणायला पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

दार लागलं न लागलं तोच खोली दणाणली. पाठोपाठ बाहेरून रत्नमालेचा हर्षानं फुटलेला आवाज साऱ्या दवाखान्यात घुमला, "डॉक्टरसाहेब, लवकर या! आमच्या मामाजीचा वारा सरला!"

उकंडरावांनी चादर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

भागिरथाबाईनं डोळे पुसले आणि ती हसून म्हणाली, "बरं झालं. आतापासून सुनेसमोर पदर तुमीच घेत जा."