पहिला घोट भामाचा

दारूबंदी आली, पनवेलच्या बाजारातला गुत्ता बंद झाला आणि मिठागरावर काम करणारा पदू घरातच प्यायला लागला. हातभट्टीच्या दारूनं शेजारच्या गावात दोघांचे डोळे गेले होते. पदू तसा सावध माणूस. नवी बाटली आणली की तो आधी एक वाटी बायकोला पाजायचा आणि एक दिवस थांबायचा. दुसऱ्या दिवशी कामावरून आला की भामाला दारात बसवून तिच्या डोळ्यांपुढे हात धरायचा.

"किती?"

"तीन," भामा म्हणायची. मग तो बूच काढायचा.

आज मात्र ती गप्प बसली. पदूनं हात तिच्या तोंडाशी नेला.

"बोल गो! किती बोटं हायत?"

"तीन."

पदूनं सुटकेचा श्वास सोडला, बाटली उचलली आणि घटाघटा अर्धी संपवली. ती जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, तशी भामा म्हणाली, "तुमी दरवेळी तीनच बोटं दाखवता. आज मला तुमचा हात पन दिसला नाय."