राखीव वाट

"चहात आलं घातलंस का?" दिगंबररावांनी सकाळपासून चारशेव्यांदा विचारलं. घसा बसला होता, ताप चढत होता, पण प्रश्न थांबत नव्हता.

"घातलंय हो," हेमलताबाई प्रत्येक वेळी म्हणत होत्या.

तंत्रज्ञ तांबोळीबाईंनी दिगंबररावांच्या कानामागे वायर जोडली आणि यंत्राच्या पडद्याकडे बघून त्या चमकल्या. "काकू, पक्षाघाताच्या झटक्यात यांची बोलण्याची नस गेली, तेव्हा आम्ही मेंदूच्या दोन्ही बाजूंना स्विच बसवून मध्ये तार टाकली. मेलेली नस बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. ती आता जिवंत झालीये. दोन्ही वाटा उघड्या आहेत, म्हणून एकच निरोप गोल गोल फिरतोय. एक वाट आत्ताच बंद करून राखीव ठेवायला हवी, नाहीतर मेंदू जळेल."

"कुठली?"

"वेगवान वाट चालू ठेवतात, म्हणजे तार. नस फार मंद आहे. तिच्या भरवशावर ते बोलतीलच असं नाही."

हेमलताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. तार टाकल्यापासून दोन वर्षं ते बातम्या दिल्यासारखं फटाफट बोलत होते आणि आलं असो-नसो, मिळेल तो चहा मुकाट्याने पीत होते. आल्याची आठवण त्यांना आजच झाली होती.

"तारच बंद करून राखीव ठेवा," त्या म्हणाल्या.

तांबोळीबाईंनी बटण दाबलं. प्रश्न अर्ध्यावरच तुटला. दिगंबररावांची नजर छताला लागली, ओठ नुसतेच हलले. हेमलताबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. पुरतं एक मिनिट गेलं.

"हेमा," ते अडखळत म्हणाले, "आलं... नव्हतं घातलंस."